वारस नोंद आणि फेरफाराची सेवा: तलाठी सजापासून प्रांत कार्यालयापर्यंत

महसूल खात्याची वारस नोंदीची सेवा कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक घराला कधी ना कधी घ्यावी लागते. घरातले मोठे माणूस गेले की दिवसकार्य आटोपल्यावर पहिला विषय निघतो तो सातबाऱ्याचा. तरीही या सेवेबद्दल आपण एकमेकांना सांगतो ते एवढेच की काम झाले किंवा काम अडकले. आमच्या कुटुंबाच्या जमिनीच्या निमित्ताने मी ही सेवा पहिल्या अर्जापासून नोंद प्रमाणित होईपर्यंत जवळून पाहिली. तिचे परीक्षण मी एका ठरावीक प्रश्नाच्या आधारे करणार आहे. या उतरंडीत कोणता निर्णय कोणत्या पायरीवर ठेवलेला आहे, आणि ज्याची सही त्या निर्णयाखाली उमटते त्यानेच तो घेतलेला असतो का, हा तो प्रश्न. माझ्या मते सेवेचा बरेवाईटपणा यावरच ठरतो. इमारत, रांग, संगणक या गोष्टी त्यानंतर येतात. गुण द्यायचेच तर मी पाचपैकी साडेतीन देईन. मंडळ अधिकाऱ्यांच्या पायरीला पूर्ण पाच देईन आणि अर्ज वर-खाली फिरत राहिला त्या टप्प्याला दोनच.

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागात खाडीकाठी आहे. तालुक्याचे आणि कार्यालयाचे नाव मी देत नाही, कारण पुढे ज्या अडचणी येतील त्या एका कार्यालयापुरत्या असल्याचा समज व्हायला नको. जमीन म्हणजे भातशेतीचे काही तुकडे, वरकस डोंगर आणि घराभोवतीची काही गुंठे बाग. आजोबा खोताचे, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वंशपरंपरागत हक्कदाराचे, कूळ होते. १९४९ च्या खोती निर्मूलनाच्या कायद्याने खोताचा मधला हक्क गेला, १९४८ च्या कूळ कायद्याखाली १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, म्हणजे कसणारे कूळ मालक मानले जाण्याचा दिवस, ठरला आणि पुढे खरेदीची किंमत ठरवणारी कलम ३२-ग ची चौकशी होऊन जमीन आजोबांच्या नावावर लागली. आजोबांच्या पश्चात सातबाऱ्यावर थोरल्या काकांचे एकट्याचे नाव आले आणि त्यापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे लिहिली गेली. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, असा त्याचा अर्थ. धाकटे दोघे भाऊ आणि दोन बहिणी कागदावर कुठेच नव्हत्या. काका गेल्यावर दोन कामे एकत्र उभी राहिली: काकांच्या वारसांची नोंद आणि ए.कु.मॅ. ही नोंद कमी करून सर्व हिस्सेदारांची नावे लावणे.

ए.कु.मॅ. या नोंदीवर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण कोकणातल्या असंख्य सातबाऱ्यांवर ती आजही आहे आणि सेवेतला निम्मा गुंता तिच्यातूनच निघतो. त्या काळी ती सोयीची होती. सारा भरायला, सोसायटीचे कर्ज उचलायला आणि नोटीस घ्यायला सरकारला एक माणूस हवा होता, आणि घरात तो माणूस थोरला भाऊच असे. म्हणजे घरातली वडीलकीची उतरंड सरकारने जशीच्या तशी उचलून आपल्या दप्तरात लिहिली. मॅनेजरला कुटुंबाच्या वतीने व्यवहार पाहण्याचा अधिकार होता, जमीन एकट्याची करण्याचा नव्हता. पण दोन पिढ्या उलटल्या, अर्धे घर मुंबईला गेले, आणि नावापुढची ती तीन अक्षरे संगणकीकरणात काही ठिकाणी गळूनही गेली. प्रतिनिधी म्हणून लिहिलेला माणूस मालक वाटू लागला. काकांनी स्वतः कधी तसा दावा केला नाही. त्यांच्या मुलांना मात्र वडिलांचे नाव म्हणजे वडिलांची जमीन असे प्रामाणिकपणे वाटत होते. अधिकार कोणाच्या वतीने दिला आहे हे कागदावरून पुसले गेले की तो ज्याच्या हाती असतो त्याचाच होऊन बसतो, आणि यात कोणाच्या मनात खोट असावी लागते असेही नाही.

आता सेवेकडे वळतो. कायदा म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. वारसाने, खरेदीने किंवा अन्य मार्गाने जमिनीत हक्क मिळाला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला तशी खबर द्यावी असे तिचे कलम १४९ सांगते. शासनाने अलीकडे तलाठ्याचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी असे केले आहे, पण गावात अजून सगळे तलाठीच म्हणतात आणि मीही तोच शब्द वापरतो. कलम १५० मध्ये पुढचा क्रम आहे. तलाठी नोंद गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, घेतो. चावडीवर प्रत लावतो. हितसंबंध असलेल्या प्रत्येकाला लेखी सूचना देतो. हरकत आली तर ती ६-अ या नोंदवहीत जाते. वारसांसाठी ६-क ही वेगळी नोंदवही आहे. या सगळ्यानंतर नोंद प्रमाणित करणारा अधिकारी अव्वल कारकुनाच्या, म्हणजे महसूल कार्यालयातल्या वरिष्ठ कारकुनाच्या, दर्जापेक्षा खालचा असता कामा नये असे बंधन आहे. प्रत्यक्षात ते काम मंडळ अधिकारी, आपण ज्यांना सर्कल म्हणतो ते, करतात.

या रचनेतली मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट हीच की लिहिणारा आणि मंजूर करणारा ही दोन वेगळी माणसे आहेत. तलाठी गावातला. कोणाची मुलगी कुठे दिली, कोण मुंबईहून गणपतीला येतो आणि कोण येत नाही, कोणत्या बांधावरून कोणाचे बोलणे बंद आहे, हे त्याला माहीत असते, म्हणून माहिती गोळा करण्याचे काम त्याचे. पण गावातलाच असल्यामुळे गावातल्या वजनदार माणसाचा दाबही त्याच्यावर पडतो, म्हणून शेवटचा शब्द त्याचा नाही. मंडळ अधिकारी अनेक सजांवर, म्हणजे तलाठ्यांच्या कार्यक्षेत्रांवर, देखरेख करतो, तेवढा दूर असतो की दाब कमी पोचावा आणि तेवढा जवळ असतो की बोलावल्यास माणसे त्याच्यापुढे येऊ शकावीत. ज्यांनी हे कलम रचले त्यांना गाव ठाऊक होते असे मला वाटते.

तुलनेसाठी खोतीकडे पाहावे. खोताकडे सारा वसूल करण्याचा हक्क वंशपरंपरेने होता आणि कुळाच्या पिकातून किती घ्यायचे यावरही व्यवहारात त्याचेच वजन चाले. वसूल करणारा, हिशेब ठेवणारा आणि तक्रार ऐकणारा बहुतेक वेळा एकच. दाद मागायची तर सरकारी कचेरीपर्यंत जावे लागे आणि तिथवर जाण्याची ऐपत व हिंमत कुळाकडे क्वचितच असे. अलिबाग तालुक्यातल्या चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सुमारे सहा वर्षे शेतकऱ्यांनी जमिनी कसायचे नाकारले, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, ते याच पार्श्वभूमीवर. आज आपण तलाठी, सर्कल, तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी या पायऱ्यांवर वैतागतो. वैताग समजण्यासारखा आहे. पण ज्या व्यवस्थेत पायऱ्याच नव्हत्या तिथे वरच्या पायरीवर जाऊन दाद मागण्याचीही सोय नव्हती, हे माझ्या आजोबांच्या पिढीला नीट माहीत होते. मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने नोकरशाहीचे वर्णन करताना नेमून दिलेले अधिकारक्षेत्र, लेखी दप्तर आणि खालच्या कार्यालयाच्या निर्णयाविरुद्ध वरच्या कार्यालयाकडे जाण्याची वाट या गोष्टींना मध्यवर्ती स्थान दिले होते. फेरफार नोंदवही हातात घेतली की हे तिन्ही घटक एकाच पानावर दिसतात.

आता प्रत्यक्ष अनुभव. अर्ज आम्ही ई-हक्क प्रणालीतून भरला. वारस नोंद, मयताचे नाव कमी करणे, बोजा चढवणे वा उतरवणे, आणि ए.कु.मॅ. नोंद कमी करणे, असे अनेक अर्ज तिथून थेट तलाठ्याकडे जातात. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे व पत्ते असलेले प्रतिज्ञापत्र, खातेदाराच्या सगळ्या जमिनी दाखवणारा ८-अ चा उतारा, शिधापत्रिका आणि पोलीस पाटलांचा दाखला जोडला. तलाठी भाऊसाहेबांचे वागणे सौजन्याचे होते, आणि काकांच्या वारसांचा भाग त्यांनी विनाविलंब ६-क ला घेतला. ए.कु.मॅ. चा भाग मात्र त्यांनी बाजूला ठेवला आणि तहसीलदारांचा आदेश आणा असे सांगितले.

इथून सेवेचा सर्वांत वाईट टप्पा सुरू झाला. तहसील कार्यालयात अर्ज दिला. तिथे तो आवक-जावक टेबलावरून महसूल शाखेत, तिथून नायब तहसीलदारांकडे गेला. बऱ्याच फेऱ्यांनंतर त्यावर शेरा पडून तो परत आला: नियमानुसार आपल्या स्तरावर कार्यवाही करावी. म्हणजे जो निर्णय तलाठी आणि मंडळ अधिकारी यांच्या पायरीवर घेता येत होता तो वर गेला, वरच्यांनी तो न घेता खाली पाठवला, आणि या येरझाऱ्यात कोणीही काहीही ठरवले नाही. कागदावर तीन अधिकाऱ्यांच्या सह्या जमल्या, पण एकाही सहीखाली निर्णय नव्हता.

तलाठ्यांवर राग काढणे सोपे आहे. त्यांच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. चुकीची नोंद घेतली गेली तर पहिली नोटीस त्यांना येते, खातेनिहाय चौकशी त्यांची होते आणि निलंबनाची वेळ आली तर तीही त्यांच्यावर. वरून आलेल्या एका ओळीच्या शेऱ्याने त्यांना आधार मिळतो, मग त्या ओळीत काही ठरवलेले असो वा नसो. खालच्या माणसाला निर्णयाचा अधिकार द्यायचा, चुकीची शिक्षाही त्यालाच द्यायची आणि प्रामाणिकपणे घेतलेल्या निर्णयाला संरक्षण मात्र द्यायचे नाही, असे असेल तर तो अधिकार वापरणार नाही, वर ढकलील. मला हा व्यक्तीपेक्षा रचनेचा दोष वाटतो. सरकारी कचेरीतच तो आढळतो असेही नाही. सहकारी सोसायटीत, शाळेत, मच्छीमारांच्या संस्थेतही हेच पाहायला मिळते. उतरंड वरच्या माणसाच्या हुकूमशाहीने बिघडते असे आपण समजतो. खालच्या माणसाच्या भीतीने ती तितकीच बिघडते, आणि त्या भीतीची कारणे बहुधा खरी असतात.

या टप्प्यावर एका गोष्टीचा उपयोग झाला. अर्जाची दिनांकित पोच आणि तलाठ्यांचे म्हणणे लेखी स्वरूपात, या दोन गोष्टी आम्ही सभ्यपणे पण आग्रहाने मागितल्या. तोंडी ‘आदेश आणा’ म्हणणे सोपे असते. कोणत्या तरतुदीखाली आदेश लागतो हे लिहून द्यायचे झाले की माणूस संहिता उघडून पाहतो. भाऊसाहेबांनी ती पाहिली, मंडळ अधिकाऱ्यांशी बोलले आणि नोंद धरली. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्ये अधिसूचित सेवांसाठी अशी पोच देणे बंधनकारक आहे. प्रत्येक सेवेचा पदनिर्देशित अधिकारी, प्रथम आणि द्वितीय अपिलीय अधिकारी व कालमर्यादा यांचा फलकही कार्यालयात लावायचा असतो, आणि विनाकारण सेवा न देणाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आमच्याकडे फलक होता, ठळक होता, पण त्यावर अपिलीय अधिकारी म्हणून ज्यांचे नाव होते त्यांची बदली झालेली होती. वरच्या पायरीवर कोण बसले आहे हेच कळत नसेल तर अपिलाचा हक्क निम्मा होतो, म्हणून ही गोष्ट मी किरकोळ धरत नाही. शिवाय फेरफाराच्या निर्णयाविरुद्ध अपील होते ते महसूल संहितेखाली, हे वाचकांनी वेगळे लक्षात ठेवावे. लोकसेवा हक्काची वाट प्रामुख्याने सेवा न मिळाल्यास किंवा उशिरा मिळाल्यास उपयोगी पडते.

सूचनांचा टप्पा बरा झाला. पंधरा दिवसांत हरकत घ्यावी अशी नोटीस चावडीवर लागली, गावातल्यांना कोतवालाने ती हातात दिली, मुंबईच्या पत्त्यांवर टपालाने गेली. कोकणात या नोटिशीचे महत्त्व घाटावरच्यापेक्षा जास्त आहे असे मला वाटते, कारण आमच्याकडे हिस्सेदार बहुसंख्येने बाहेर असतात आणि एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे असणे नवलाचे नाही. नोटीस पोचलीच नाही तर नोंद होऊन जाते आणि पुढच्या मे महिन्यात गावी आलेल्या माणसाला ती कळते. म्हणूनच संबंधितांना नोटीस बजावल्याशिवाय नोंद प्रमाणित करू नये असे कलम १५० म्हणते.

हरकत आली, ती घरातूनच. थोरल्या चुलतभावाचे म्हणणे असे होते की दोघी आत्यांची नावे लावण्याची गरज नाही, त्यांची लग्ने थाटात झाली आहेत, त्या हक्क सोडतात असे घरात पूर्वीच ठरले आहे. घरात पूर्वी ठरले म्हणजे आजोबांनंतर काकांनी ठरवले. त्यासाठी त्याने शंभर रुपयांच्या मुद्रांकावर लिहिलेला, दोघींच्या सह्या असलेला एक कागद दिला. त्याआधी हा विषय गावकीत नेण्याचाही प्रयत्न झाला होता. आमच्या गावात गावरहाटी अजून चांगली चालते. शिमग्याला पालखी कोणाच्या अंगणात आधी जाईल, कोणाचा नारळ पहिला, देवाला कौल कधी लावायचा, हे मानकरी आणि बारा-पाच मंडळी ठरवतात आणि गाव ते मानतो. पण गावकार जाणते निघाले. देवाच्या कार्यातला मान आणि जमिनीचा हक्क वेगळे, यात गावकी पडणार नाही, असे त्यांनी सांगून टाकले. अधिकार असलेल्या माणसाने आपल्या अधिकाराची शीव स्वतःहून दाखवणे ही मोठी गोष्ट आहे, आणि तहसील कार्यालयातल्या एका ओळीच्या शेऱ्यापेक्षा मला तिचे मोल अधिक वाटते.

सुनावणी मंडळ अधिकाऱ्यांपुढे झाली. त्या बाई होत्या, वयाने आमच्यापेक्षा लहान. चुलतभाऊ बोलत होता, धाकटे काका मान हलवत होते आणि दोघी आत्या मागच्या बाकावर बसल्या होत्या. मंडळ अधिकाऱ्यांनी भावाचे पूर्ण ऐकून घेतले आणि मग आत्यांना पुढच्या खुर्च्यांवर बोलावले. “आत्या, हा कागद तुम्ही वाचून सही केलीत का?” असे त्यांनी विचारले. थोरल्या आत्याने सांगितले की सही आपली आहे, कागद आपण वाचलेला नाही, दादांनी सांगितले म्हणून केली. धाकटीने सांगितले की तिला हिस्सा कसायचा नाही, पण वडिलांच्या जमिनीवर आपले नाव असावे असे वाटते. मंडळ अधिकाऱ्यांनी ते दोघींच्या शब्दांत लिहून घेतले आणि वाचून दाखवले. मग भावाला शांतपणे समजावले की स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे लागते, साध्या मुद्रांकावरच्या कागदाने तो सुटत नाही. मुलगी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच वर्ग एकची वारस आहे, आणि वडिलोपार्जित संपत्तीत ती मुलाप्रमाणे जन्माने सहहिस्सेदार असल्याचे २००५ च्या दुरुस्तीने व सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने स्पष्ट केलेले आहे. हक्क सोडायचा तर त्या उद्याही सोडू शकतात, आज त्यांचे नाव लावण्यापासून मी थांबू शकत नाही, असे त्यांनी सांगितले.

या पायरीला मी पाचपैकी पाच दिले ते या तासाभरासाठी. त्या खोलीत तीन उतरंडी एकमेकींसमोर होत्या. घराच्या उतरंडीत आत्यांचा क्रम सर्वांत शेवटी, आणि तिथे निर्णय त्यांना विचारून घेण्याची रीत नव्हती. गावाच्या उतरंडीने आपले अंग काढून घेतले होते. सरकारच्या उतरंडीतली एक मधली अधिकारी, जिच्या वर तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी, आयुक्त असे कितीतरी आहेत, ती मात्र त्या दिवशी कोणालाही फोन न करता आपल्या पायरीवरचा निर्णय आपण घेत होती. त्यासाठी लागणारे बळ तिला पदाच्या उंचीने मिळाले नव्हते. निर्णय कोणता, तो कशाच्या आधारे घ्यायचा आणि त्याची कारणे कुठे लिहायची, हे तिला पक्के ठाऊक होते, आणि तो चुकला तर वर अपील आहे हेही ठाऊक होते. वर दाद मागण्याची सोय असल्याने निर्णय घेणाऱ्यालाही धीर येतो, ही बाजू मला त्या दिवशी प्रथम नीट दिसली. आत्यांची नावे कब्जेदार सदरी, म्हणजे जमीन धारण करणाऱ्यांच्या रकान्यात, लागली. पूर्वी पुष्कळ ठिकाणी मुलींची नावे ‘इतर हक्क’ या रकान्यात लिहून बाजूला ठेवली जात, आणि तसे करण्याची सूचनाही सुनावणीत एकाने केली होती. ती त्यांनी स्वीकारली नाही.

भावाला निर्णय पटला नाही. त्याला अपील करता येते, आणि ते त्याला त्याच दिवशी सांगितले गेले. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, म्हणजे प्रांतांच्या हाताखालच्या अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध कलम २४७ खाली प्रांतांकडे जायचे, मुदत साठ दिवसांची. तिथून पुढे जिल्हाधिकारी पातळी, आणि त्यावर बेलापूरच्या कोकण भवनात बसणारे विभागीय आयुक्त. त्याने प्रांतांकडे अर्ज केला. ही पायरी मी थोडक्यातच सांगतो, कारण तिथे फार काही घडले नाही: सुनावणीची तारीख एकदा पुढे गेली, नंतर दोन्ही बाजूंचे ऐकून नोंद कायम झाली. आदेश दोन पानांचा, कारणांसह, साध्या मराठीत होता. प्रांत कार्यालयात बसायला जागा अपुरी आहे आणि लांबच्या गावांतून पहिल्या एसटीने आलेल्या म्हाताऱ्या माणसांना तारीख पुढे गेल्याचे दुपारी कळते; ते सकाळी फलकावर किंवा आदल्या दिवशी मोबाइलवर संदेशाने कळवता येईल.

एक गोष्ट मात्र अनेकांना खटकेल, म्हणून सांगतो. अंतिम सातबाऱ्यावर धाकट्या आत्याच्या नावात एक अक्षर चुकले. सर्व वारस ठरवण्याचा मोठा निर्णय मंडळ अधिकाऱ्याने केला, आणि एका अक्षराच्या दुरुस्तीसाठी कलम १५५ खाली तहसीलदारांचा आदेश लागला. हे उलटे वाटते, पण मला ते योग्य वाटते. एकदा प्रमाणित झालेली नोंद ज्याने लिहिली त्यालाच परस्पर बदलता आली, तर आज अक्षर बदलेल आणि उद्या नाव. दुरुस्ती वरच्या पायरीवर ठेवली आहे ती चूक लहान म्हणून नव्हे, दप्तर हलवण्याची मुभा कमीत कमी हातांत राहावी म्हणून. फक्त ती लवकर व्हावी. आमची लवकर झाली नाही, आणि त्याला कोणतेही कारण दिसले नाही.

ज्यांना ही सेवा लवकरच घ्यायची आहे त्यांना काही सांगावेसे वाटते. आपला सातबारा आज उघडून पाहा. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो. नावापुढे ए.कु.मॅ. असेल किंवा जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर असून आता दिसत नसेल, तर ते नाव ज्यांचे आहे ते माणूस हयात असतानाच अर्ज करा, कारण त्यांचा एक जबाब पुढच्या दहा प्रतिज्ञापत्रांच्या तोडीचा असतो. वारसांची यादी देताना मुली, मृत मुलांची मुले, विधवा सुना, सगळे लिहा. गणपतीच्या आणि मे महिन्याच्या सुटीत कार्यालयात जाऊ नका, तेव्हा सारी मुंबई तिथे असते. जुने फेरफार अभिलेख कक्षातून मागवून घ्या. नोंद झाली म्हणजे मालकीवर शेवटचा शिक्का बसला असेही समजू नका. कलम १५७ प्रमाणे नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते इतकेच; मालकीचा वाद दिवाणी न्यायालयाचा.

घराचे काम अजून शिल्लक आहे. जमिनीचे दप्तर महसूल खात्याकडे आणि घराची आकारणी ग्रामपंचायतीकडे असल्यामुळे सातबारा बदलला तरी ग्रामपंचायतीच्या घर आकारणीच्या नोंदवहीतले, म्हणजे नमुना ८ वरचे, नाव आपोआप बदलत नाही. ती वाट ग्रामपंचायत, गटविकास अधिकारी आणि जिल्हा परिषद अशी स्वतंत्र आहे. त्या वाटेवर पहिला निर्णय एका अधिकाऱ्याचा नसून निवडून आलेल्या सदस्यांच्या मासिक सभेचा असतो. आमचा अर्ज पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर आहे, आणि त्या सभेत चुलतभावाचा मेव्हणा सदस्य म्हणून बसतो. त्याने या विषयापुरते मतदानात भाग घेऊ नये अशी लेखी विनंती आम्ही सरपंचांकडे दिली असून तिची पोच घेतलेली आहे.